'निरंक' म्हणजे नक्की काय? साथींवर नजर ठेवणाऱ्या कार्यालयांचं काम

कार्यालयीन मराठीत 'निरंक' असा एक शब्द आहे. तक्त्यातल्या रकान्यात भरायला काहीच नसलं तरी तो कोरा सोडत नाहीत, तिथे 'निरंक' लिहितात. गोवर निरंक. घटसर्प निरंक. पटकी निरंक. आरोग्य कार्यालयांत असे तक्ते आठवड्यामागून आठवडे येऊन पडत असतात, आणि बाहेरच्या माणसाला वाटतं की हा कागद रंगवण्याचा उद्योग कशाला? काही घडलंच नाही तर कळवायचं तरी काय?

पण साथरोगांचं अर्धंअधिक काम या एका शब्दाशी येऊन थांबतं. कारण निरंकचे दोन अर्थ होतात. शोधलं, पण सापडलं नाही, हा एक. शोधलंच नाही, हा दुसरा. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. साथ आल्यावर गाड्या किती धावल्या आणि फवारण्या किती झाल्या यावरून लोक आरोग्य कार्यालयाची परीक्षा करतात. माझं मत विचाराल तर खरी परीक्षा त्याआधीच होऊन गेलेली असते: साथ नसताना त्या कार्यालयाने लिहिलेल्या निरंकवर विश्वास ठेवता येत होता का?

हा विश्वास तयार कसा होतो, आणि तो कुठे कुठे गळतो, ते पाहू.

बातमी येते कुठून

जवळपास प्रत्येक देशात काही रोगांची यादी केलेली असते. त्या यादीतला रुग्ण दिसला की डॉक्टरने, रुग्णालयाने किंवा प्रयोगशाळेने स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याला कळवायचं, असा नियम असतो. याद्या थोड्याफार वेगळ्या असतात, पण पटकी, गोवर, घटसर्प, पोलिओ, प्लेग, रेबीज ही मंडळी सहसा सगळीकडे हजर. काही रोग नुसता संशय आला तरी त्याच दिवशी फोन करून सांगायचे असतात, काहींचा आकडा आठवड्याला एकदा गेला तरी भागतं.

आता एक रुग्ण तक्त्यापर्यंत कसा पोहोचतो ते बघा. माणसाला जंतुसंसर्ग होतो. त्यातल्या काहींनाच त्रास जाणवतो. त्रास झालेल्यांपैकी बरेच जण घरीच पडून राहतात, काही डॉक्टरकडे जातात. डॉक्टर प्रत्येकाची तपासणी करायला सांगत नाही. सांगितली तरी प्रत्येक जण नमुना देत नाही. नमुना दिला तरी जंतू सापडेलच असं नाही. आणि सापडला तरी तो अहवाल पुढे पाठवायला कुणाला तरी वेळ मिळायला हवा. प्रत्येक पायरीवर माणसं गळत जातात. त्यामुळे कार्यालयातला आकडा खऱ्या आकड्यापेक्षा नेहमीच लहान असतो, आणि हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

मग त्या आकड्याचा उपयोग काय? उपयोग तुलनेत आहे. तराजू थोडा खोटा असला तरी चालतो, फक्त तो रोज तेवढाच खोटा असला पाहिजे. दर आठवड्याला दहातले दोनच रुग्ण कळत असतील, तरी हे प्रमाण न बदलता आकडा दोनचा सहा झाला, तर काहीतरी तिप्पट झालं आहे हे नक्की. घोटाळा होतो तो तराजूच बदलला की. नवी, सोपी चाचणी आली, एखादी प्रयोगशाळा नव्याने कळवायला लागली, की आकडा एकदम उडी मारतो आणि रोग मात्र जागच्या जागी असतो. उलटही होतं. तक्ता भरणारा माणूस महिनाभर रजेवर जातो आणि कागदावर सगळे बरे होतात.

म्हणून 'साथ' या शब्दाचा कार्यालयातला अर्थ बोलण्यातल्या अर्थापेक्षा जरा वेगळा आहे. खूप रुग्ण म्हणजे साथ नव्हे. त्या जागी, त्या ऋतूत, त्या वयाच्या लोकांत जेवढे अपेक्षित होते त्यापेक्षा जास्त रुग्ण म्हणजे साथ. फ्लूच्या हंगामात पन्नास रुग्ण ही बातमी नसते. पोलिओचा एक रुग्ण मात्र साथीसारखाच धरतात. 'नेहमीचं' किती हे ज्याला माहीत नाही, त्याला नेहमीपेक्षा वेगळं ओळखता येत नाही. कंटाळवाण्या तक्त्यांची वर्षानुवर्षांची थप्पी याचसाठी जपायची असते.

मोजायचं तर काय मोजायचं हेही आधी ठरवावं लागतं. एका डॉक्टरला जो गोवर वाटतो तो दुसऱ्याला साधा पुरळ वाटू शकतो. त्यामुळे प्रत्येक रोगाची एक व्याख्या बांधलेली असते. ताप आणि अंगावर पुरळ, एवढं असलं की 'संशयित'. प्रयोगशाळेने दुजोरा दिला की 'निश्चित'. सुरुवातीची व्याख्या मुद्दाम ढगळ ठेवतात. जाळं मोठं टाकायचं, नको ते मासे नंतर सोडून द्यायचे. लोकांना वाटतं की संशयितांपैकी इतके जण निघाले भलतेच, म्हणजे यंत्रणा गोंधळलेली आहे. खरं तर ते चांगलं लक्षण आहे. कसं, ते सांगतो, कारण या सगळ्या विषयातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच आहे.

खोट्या गजराची मोजदाद

पोलिओ एखाद्या भागातून गेला आहे हे सिद्ध करायचं कसं? रुग्ण नाहीत, एवढं पुरत नाही. आपण पाहिलेच नाहीत, असंही असू शकतं. यावर तोड अशी काढली गेली की पोलिओ शोधायचाच नाही, लुळेपणा शोधायचा. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की कारण काहीही असो, ते कळवायचं. मग चौदा दिवसांच्या आत, किमान एक दिवसाच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घ्यायचे आणि त्यांत विषाणू आहे का ते पाहायचं.

आता गंमत अशी की लुळेपणा फक्त पोलिओने येत नाही. गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजारामुळे येतो, चुकीच्या जागी दिलेल्या इंजेक्शनने नस दुखावली तरी येतो. अशी मुलं जगात सगळीकडे, पोलिओ असो वा नसो, थोडीफार सापडतातच. म्हणून कसोटी ठरली ती अशी: दर एक लाख मुलांमागे वर्षाला निदान एक तरी, पोलिओ नसलेला लुळेपणाचा रुग्ण यंत्रणेने शोधून दाखवला पाहिजे. तेवढे सापडले आणि त्यांत पोलिओ निघाला नाही, तर निरंक मान्य. एकही लुळं मूल सापडलं नाही असं कुणी कळवलं, तर त्याचं अभिनंदन करत नाहीत, त्याच्याकडे माणूस पाठवतात.

म्हणजे निरंकचा खरेपणा मोजायचं माप मिळालं, आणि ते माप म्हणजे खोटे गजर! गोवराच्या बाबतीतही असंच करतात. गोवर वाटला पण तपासणीत निघाला नाही, असे रुग्ण दर एक लाख लोकसंख्येमागे वर्षाला निदान दोन हवेत, अशी अपेक्षा असते. ज्या घरातला कुत्रा कधीच भुंकत नाही, तिथे चोर येत नसतील किंवा कुत्रा बहिरा असेल. अधूनमधून मांजरावर भुंकला तर निदान ऐकू येतंय एवढं तरी कळतं.

दुसरे कान

डॉक्टर कळवतील आणि मग आपल्याला कळेल, एवढ्यावर कुठलंही शहाणं कार्यालय बसून राहत नाही. औषधांच्या दुकानांत काय खपतंय, शाळांत मुलं किती गैरहजर आहेत, यावरही डोळा ठेवावा लागतो.

१९९३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नेमकं असंच घडलं. रुग्णालयांतले कर्मचारी, शिक्षक, विद्यार्थी पोट बिघडून मोठ्या संख्येने घरी राहू लागले, आणि ५ एप्रिलला ती खबर आरोग्य खात्यापर्यंत गेली. कारण निघालं क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी, आणि तो येत होता शहराच्या नळाच्या पाण्यातून. शौचाच्या नेहमीच्या तपासणीत हा परजीवी शोधतच नसत, त्यामुळे प्रयोगशाळांचे कागद कोरे होते. आजारी पडलेल्यांचा नंतर केलेला अंदाज ४ लाख ३ हजारांचा आहे. जलशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा मार्चच्या शेवटच्या आठवड्यातच वाढला होता. तो मोजला जात होता, नोंदलाही जात होता. पाण्याची वही एका टेबलावर आणि आजाऱ्यांची वही दुसऱ्या टेबलावर राहिली, एवढंच.

औषधाच्या मागणीवरून आलेली दुसरी एक बातमी याहून चमत्कारिक होती. पेंटामिडीन हे एका दुर्मीळ न्यूमोनियावरचं औषध अमेरिकेत त्या काळी फक्त केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेकडून मिळत असे. वर्षाकाठी थोडीच मागणी. १९८१ च्या आसपास तरुण, एरवी धडधाकट पुरुषांसाठी ते औषध वारंवार मागवलं जाऊ लागलं, आणि मागण्या हाताळणाऱ्या तंत्रज्ञ बाईंना ते खटकलं. ५ जून १९८१ रोजी लॉस एंजेलिसमधल्या पाच रुग्णांची नोंद छापून आली. एड्सची ती पहिली छापील खूण. त्या वेळी रोगाला नाव नव्हतं, विषाणू माहीत नव्हता, कुठल्याच यादीत तो असण्याचा प्रश्न नव्हता. यादीत नसलेला रोग फक्त 'हे नेहमीचं नाही' एवढ्याच वाटेने दिसू शकतो.

आणि सांडपाणी. पोलिओचा संसर्ग झालेल्या सुमारे दोनशे जणांपैकी एकालाच कायमचा लुळेपणा येतो, बाकीचे विषाणू शौचातून सोडत हिंडत असतात. तेव्हा लुळं मूल दिसेपर्यंत थांबण्यापेक्षा गटाराचं पाणी तपासलेलं बरं. २०१३ मध्ये इस्रायलमध्ये सांडपाण्यात नैसर्गिक पोलिओ विषाणू सापडला. एकाही मुलाला लुळेपणा आलेला नव्हता, पण तेवढ्या पुराव्यावर मुलांना तोंडावाटे लस देण्याची मोहीम काढली गेली. कोविडच्या काळात हीच युक्ती शहरोशहरी वापरली गेली. सांडपाण्याचा एक मोठा फायदा असा की ते डॉक्टरकडे जायचा कंटाळा करत नाही आणि काही लपवतही नाही. तोटा असा की ते कुणाचं नाव सांगत नाही.

साथीचा माग

समजा गजर खरा निघाला. एका मोठ्या जेवणानंतर १२० पैकी ४८ जण आजारी पडले आहेत. कार्यालयातला माणूस आधी यादी करतो: नाव, वय, पत्ता, त्रास कधी सुरू झाला, काय खाल्लं, काय प्यायलं. ही यादी आजाऱ्यांची असून भागत नाही, धडधाकट राहिलेल्यांचीही लागते. तिथेच बहुतेकांची गफलत होते.

समजा आजारी ४८ पैकी ३० जणांनी गोड पदार्थ खाल्ला होता. लगेच बोट तिकडे जातं. पण सगळ्या १२० जणांत तो खाणारे ७५ होते. ७५ पैकी ३० म्हणजे ४० टक्के. न खाणारे ४५, त्यांतले १८ आजारी, तेही ४० टक्केच. खाल्ला काय नि न खाल्ला काय, फरक शून्य. गोड पदार्थ निर्दोष. आता पातळ भाजी पाहू. खाणारे १००, त्यांत आजारी ४६, म्हणजे ४६ टक्के. न खाणारे २०, त्यांत आजारी २, म्हणजे १० टक्के. इथे पाणी मुरतंय! आजारी न पडलेल्यांना विचारलंच नसतं तर हा हिशेब मांडताच आला नसता.

वेळही बोलते. प्रत्येक रोगाचा जंतू शिरल्यापासून त्रास सुरू होईपर्यंतचा काळ ठरावीक असतो. काही जिवाणूंचं विष आधीच अन्नात तयार झालेलं असतं, तेव्हा काही तासांतच उलट्या सुरू होतात. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसला बहुधा बारा ते अठ्ठेचाळीस तास लागतात. 'अ' प्रकारच्या काविळीला पंधरा ते पन्नास दिवस. त्यामुळे कोण कधी आजारी पडलं याचा आलेख काढला की त्याचा आकारच पुष्कळ सांगून जातो. एकदम उंच चढून उतरलेला सुळका म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी एकाच ठिकाणी लागण झाली. काही दिवसांच्या अंतराने एकामागून एक, वाढत जाणाऱ्या लाटा म्हणजे माणसाकडून माणसाला. आणि काविळीचा रुग्ण समोर आला की त्याला काल काय खाल्लं ते विचारून उपयोग नाही, महिन्यापूर्वी कुठे जेवलात ते विचारावं लागतं. कुणाला आठवतंय! मग बिलं, पावत्या, मोबाइलमधले फोटो असं काय काय धुंडाळत बसायचं.

मागाच्या या पद्धतीचं घराणं १८५४ च्या लंडनपर्यंत जातं. ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीने ६०० हून जास्त माणसं गेली, आणि डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यूंचा नकाशा मांडून एका सार्वजनिक पंपाकडे बोट दाखवलं. ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. मला त्यातल्या अपवादांचं कौतुक जास्त वाटतं. पंपाजवळच्या एका गरीबखान्यात ५३५ माणसं होती, मेली फक्त पाच, कारण तिथली विहीर वेगळी होती. जवळच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले, त्यांना कामावर बिअर मिळत असे आणि ते पंपावर जात नसत. आणि कैक मैल लांब, हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा पटकीने मेली. तिथे साथ नव्हती. चौकशी केल्यावर कळलं की तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ती ते पाणी गाडीवरून मागवून घेई. पंपाजवळ असून वाचलेले आणि पंपापासून दूर असून मेलेली, या दोघांनी मिळून जे सिद्ध केलं ते सहाशे मृत्यूंनीही तेवढ्या ठामपणे झालं नसतं. पटकीचा जिवाणू दाखवून देणारे रॉबर्ट कॉख त्यानंतर जवळपास तीस वर्षांनी आले. आणि हो, ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला तेव्हा साथ आधीच ओसरायला लागली होती. हे स्नो यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. लोक तेवढं सांगायचं टाळतात.

आजचे तपासनीस याच्या जोडीला जंतूंची जनुकीय जुळणी करून पाहतात. वेगवेगळ्या गावांतल्या चार रुग्णांमधला जिवाणू जवळजवळ एकसारखा निघाला तर त्यांचा उगम एक असणार. पण कुठला, हे त्या चौघांशी बोलूनच कळतं.

घड्याळाशी शर्यत

माग लागला, आता अडवायचं. इथे गोवराचं उदाहरण घेतो, कारण वेळेचा ताण त्याच्याइतका स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पुरळ उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत रोग पसरवतो. तो खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो. लस न घेतलेले, पूर्वी गोवर न झालेले दहा जण जवळ आले तर नऊंना तो गाठतो. मात्र संपर्क आल्यापासून ७२ तासांत लस दिली तर रोग बऱ्याचदा टळतो.

आता हिशेब करा. मुलाच्या अंगावर सोमवारी पुरळ उठला. म्हणजे ते आदल्या गुरुवारपासून रोग पसरवत होतं. मंगळवारी डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरने बुधवारी कळवलं. बुधवारी ७२ तास मागे गेलं तर रविवार येतो. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी ज्यांच्याशी संपर्क आला त्यांच्यासाठी लसीची वेळ टळलेली आहे. तान्ही मुलं, गरोदर स्त्रिया अशांना तयार प्रतिपिंडांचं (अँटिबॉडींचं) इंजेक्शन सहा दिवसांपर्यंत देता येतं, म्हणजे गुरुवारच्या संपर्कासाठी तो सहावा दिवसही बुधवारीच संपतो. डॉक्टरने प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहिली असती तर सगळंच हातचं गेलं असतं. संशय आल्याबरोबर कळवा, असं कार्यालयं का कानीकपाळी ओरडतात, ते या एका आठवड्याच्या हिशेबात आलं.

ज्यांची वेळ गेली त्यांच्यावर मग २१ दिवस लक्ष ठेवायचं. आजाऱ्याला वेगळं ठेवणं म्हणजे आयसोलेशन आणि अजून आजारी नसलेल्या, पण पडू शकणाऱ्या माणसाला वेगळं ठेवणं म्हणजे क्वारंटाइन. आपण बोलताना दोन्हींना विलगीकरणच म्हणतो, पण दुसरं जास्त अवघड, कारण त्या माणसाला काहीच होत नसतं आणि त्याची रोजची कमाई मात्र बुडते. कुठला उपाय चालेल हे त्या रोगाच्या स्वभावावर ठरतं. २००३ मध्ये सार्स आला तेव्हा रुग्ण मुख्यतः लक्षणं दिसू लागल्यानंतरच रोग पसरवत होते. त्यामुळे आजाऱ्यांना शोधून वेगळं ठेवणं पुरलं आणि जुलैपर्यंत तो आटोक्यात आला. कोविड लक्षणांच्या आधीच पसरत होता, आणि तेच हत्यार बोथट ठरलं.

देवीच्या बाबतीत मात्र रोगाचा स्वभावच मदतीला आला. पुरळ उघड दिसायचा, आणि प्रसार बहुतांशी पुरळ उठल्यानंतर व्हायचा. १९६६ च्या डिसेंबरमध्ये नायजेरियात विल्यम फेगी यांच्याकडे सगळ्यांना टोचण्याइतकी लसच नव्हती. त्यांनी बिनतारी संदेशयंत्रं असलेल्या मिशनऱ्यांकडून गावोगावचे रुग्ण शोधवले आणि फक्त त्या रुग्णांभोवतीच लसीचं कडं केलं. साथ थांबली. टंचाईतून सुचलेली ही युक्ती पुढे जगभर वापरली गेली आणि १९८० मध्ये देवी संपल्याचं जाहीर झालं. या पद्धतीत लस जितकी महत्त्वाची होती, तितकीच रुग्ण कुठे आहे ही बातमीही.

बातमी माणसं देतात, आणि माणसं घाबरली की देत नाहीत. मेरी मॅलन ही न्यूयॉर्कची स्वयंपाकीण स्वतः ठणठणीत होती, पण तिच्या शरीरात टायफॉइडचे जिवाणू मुक्कामाला होते. १९०६ च्या उन्हाळ्यात ती कामाला असलेल्या घरातले अकरापैकी सहा जण आजारी पडले आणि माग काढत अधिकारी तिच्यापर्यंत पोहोचले. तिला बेटावरच्या रुग्णालयात डांबलं, स्वयंपाक करणार नाही या अटीवर १९१० मध्ये सोडलं. १९१५ मध्ये ती नाव बदलून एका प्रसूती रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात सापडली, तिथे २५ जणांना टायफॉइड झाला होता आणि दोघे दगावले होते. मग ती १९३८ मध्ये मरेपर्यंत त्या बेटावरच राहिली. तिची चूक होतीच. पण जिला एकच चांगलं काम येतं तिच्याकडून ते काढून घेऊन पोटापाण्याचं धड काही न पाहणाऱ्या कार्यालयालाही मी निर्दोष म्हणणार नाही. रुग्णाचं नाव गुप्त ठेवणं, घरी थांबलेल्याला औषध-पाणी पोहोचवणं, कुणाला दमात न घेणं, हे चांगुलपणासाठी असेल नसेल, पण हे केलं नाही तर पुढच्या वेळी दार उघडत नाही आणि तक्त्यात निरंक पडतं.

साथ नसताना

प्रतिबंधाचं काम दिसायला अगदीच नीरस. नळाच्या शेवटच्या टोकाला पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का, लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी, हे रोज पाहायचं. (क्रिप्टोस्पोरिडियमला क्लोरीन भीक घालत नाही, तिथे गाळणीच चांगली हवी.) लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली का, हे पाहायचं. अनेक कुप्यांवर एक वर्तुळ आणि त्यात फिकट चौकोन असतो, उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो, आणि वर्तुळाच्या रंगाशी जुळला की ती कुपी बाद.

घरोघर फिरून साचलेल्या पाण्यात अळ्या आहेत का ते पाहणं हेही त्यातलंच. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करायला सांगतात. नुसती ओतून नाही, घासून. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोनमहिने जगतात. धूर मारणारी गाडी आली की लोक खूश होतात, पण तो धूर फक्त त्या क्षणी उडणाऱ्या डासांना लागतो. दुसऱ्या दिवशी अळ्यांतून नवे डास तयार. धुराची गाडी बरीचशी आपल्या समाधानासाठी फिरते, असं म्हटलं तर कुणाला राग येऊ नये.

लसीकरणात खरी अडचण सरासरीची असते. लस न घेतलेल्यांमध्ये गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना रोग देतो, त्यामुळे तो अडवायला सुमारे ९५ टक्के लोक सुरक्षित लागतात. समजा शहराचा आकडा ९५ आहे. पण एका वस्तीत तो ६० असू शकतो, आणि गोवर नेमका तिथेच शिरतो. चांगलं कार्यालय म्हणून शहराचा आकडा मिरवत बसत नाही, दुसऱ्या डोसला कोण आलं नाही त्यांची नावं काढतं. ती मुलं बहुधा तीच असतात ज्यांच्या आजाराची बातमीही सर्वांत उशिरा येते.

बेचाळीस दिवस

साथ संपली हे कधी म्हणायचं? इबोलासाठी नियम असा आहे: लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत जास्तीत जास्त २१ दिवस लागतात, त्याच्या दुप्पट, म्हणजे ४२ दिवस सलग निरंक हवं. त्यानंतर आणखी ९० दिवस कडक पहारा.

लायबेरियाने हे ४२ दिवस पूर्ण केले आणि ९ मे २०१५ रोजी तो देश इबोलामुक्त जाहीर झाला. पहारा मात्र चालूच होता. मृत्यू कशानेही झालेला असो, मृताच्या तोंडातून नमुना घ्यायचा आणि तपासायचा, असा नेम होता. आठवड्यामागून आठवडे सगळे नमुने निरंक. जूनच्या अखेरीस सतरा वर्षांचा एक मुलगा वारला. ताप होता, मलेरिया समजून उपचार झाले होते, इबोलाचा संशय कुणालाही नव्हता. नेमाप्रमाणे त्याच्याही तोंडातून नमुना घेतला गेला, आणि तो इबोलाचा निघाला. त्याच्या संपर्कातली माणसं लगेच शोधली गेली, थोड्याच रुग्णांवर साखळी तुटली आणि बेचाळीसची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. लायबेरियाला ती एकंदर चार वेळा पूर्ण करावी लागली. चौथ्यांदा ती संपली ९ जून २०१६ ला, आणि दुसऱ्या दिवसापासून पहाऱ्याचे ९० दिवस मोजायला घेतले गेले.